कान दिसले पाहिजेत

— नाही नाही, ‘आमचा चावत नाही’ एवढं मात्र सांगू नका. या गल्लीत बावीस फाटकांपुढं उभं राहून मी हे वाक्य ऐकलंय, आणि त्यातल्या तिघांनी माझ्या पँटीला भोकं पाडलीत. आणि मालक मागं उभा राहून म्हणतो कसा, अहो, तो खेळतोय. खेळतोय म्हणे — मग मीही खेळून दाखवतो की तुमच्या पँटीशी. असो. तुमचा बरा दिसतोय. वय झालंय, तोंडावर पांढरे केस आलेत, उगाच उड्या मारत नाही — म्हणजे जवळपास मीच. पट्टा जरा ढिला सोडा त्याचा. आणि तुम्ही उभ्या का, बसा ना बाकावर, मी ही पिशवी इकडं घेतो. एकच फोटो काढायचाय, दोन मिनिटांचं काम — म्हणजे माणसाला दोन मिनिटं, कुत्र्याला दहा, मांजराला मांजराची मर्जी.

फुकट आहे हो, घाबरू नका. परवा ते कोपऱ्यावरचे वकील असेच घाबरले, म्हणाले, सही कुठं करायची. कुत्र्याचा फोटो काढायला सही. मी म्हटलं, कुत्र्याला येत असेल तर करू दे. माझी एकच अट असते — फोटो काढून झाला की तुमच्या फोनमधले याचे जुने फोटो मला दाखवायचे. सगळे. पिल्लू होता तेव्हापासूनचे, बागेतले, रस्त्यावरचे, हललेले, बिघडलेले, जे असतील ते. का म्हणजे — अभ्यास म्हणून. कुठल्या बाजूनं बरा दिसतो ते कळतं. नाही, आत्ता नको, नंतर, आधी याचं होऊ दे. तुम्ही त्या निळ्या टाकीच्या घरात राहायला आलात ना? चार दिवसांपूर्वी सामानाची गाडी बघितली मी. नवीन माणसांना या गल्लीची सवय व्हायला वेळ लागतो — हो हो, बोला, पण आधी मला ही चादर लावू द्या, उजेड चाललाय.

चादर कशाला? मागं धरायला. पांढरी आहे, बघा, एक डाग नाही. दोन चिमटे इकडं, दोन तिकडं, फाटकाला लावली की झाला पडदा. हसताय तुम्ही. हसा, सगळेच हसतात. पण मी चौतीस वर्षं पासपोर्ट कचेरीच्या समोर दुकान चालवलंय, फोटोचं. लग्नाचे नाही, बारशाचे नाही, सूर्यास्त आणि डोंगर नाही — फक्त पासपोर्टचे. फिरतं स्टूल, मागं पांढरा पडदा, आरशाला दोरीनं बांधलेला कंगवा. दोरी का? कारण पहिले चार कंगवे लोकांनी नेले. आणि एक काळा कोट, पाठीमागून उघडा, चिमट्यानं आवळायचा — एकाच कोटात गल्लीतले निम्मे लोक परदेशी गेलेत. लोक यायचे नटूनथटून, जसं काही त्यांचा फोटो बघून तिकडचा अधिकारी खुर्चीतून उठून उभा राहणार आहे. मी सगळ्यांना एकाच मापानं मोजायचो. चष्मा काढा. हनुवटी खाली. तोंड मिटा. हसू नका. कान दिसले पाहिजेत. एवढी पाच वाक्यं बोललो मी चौतीस वर्षांत, सहावं लागलंच नाही. आणि ऐका — चौतीस वर्षांत माझा एक फोटो कचेरीतून परत आला नाही. एक नाही. विचारा कुणालाही. शेजारच्या दुकानाचे रोज यायचे, कुणाचे डोळे अर्धे मिटलेले, कुणाच्या मागं सावली. माझे नाहीत.

तर मग हात तसाच वळणार ना. लोक कुत्र्यांचे फोटो काढतात ते कसे, जीभ बाहेर, मान वाकडी, मागं कुणाची तरी चड्डी वाळत घातलेली. मी काढतो ते समोरून, दोन्ही डोळे उघडे, दोन्ही कान हजर. उद्या सरकारनं कुत्र्यांना पासपोर्ट द्यायचे ठरवलं तर ही गल्ली सगळ्यात आधी विमानात बसेल. तुमच्याचे कान लोंबते आहेत, बरं आहे, लपत नाहीत. इकडं बघ रे. ए. इकडं. — हा पिशवीकडं काय बघतोय सारखा? खायला नाही त्यात काही. बिस्किटं देत नाही मी कुणाला, लाच घेऊन समोर बघितलेला चेहरा वेगळा दिसतो.

औषधवाल्याचं मांजर बघितलंत का तुम्ही? बघाल. दुकानातल्या वजनकाट्यावरच झोपतं ते. लोक मांजरासकट काट्यावर उभे राहतात आणि घरी जाऊन सांगतात, माझं नाही हो वाढलं, मांजराचं होतं. त्याचा फोटो काढायला मला चार सकाळी लागल्या, कारण मांजर दिसलं की मला शिंका येतात — सात, आठ, मोजून — आणि शिंक आली की कॅमेरा हलतो. आणि ते दातांचे डॉक्टर, त्यांच्याकडं कासव आहे. पेशंट आत ओरडतोय आणि बाहेर बसलेल्यांचं मन रमवायला कासव. पण काय सांगू, माझ्या आयुष्यातलं सगळ्यात गुणी गिऱ्हाईक. हलत नाही, हसत नाही, कानांचा प्रश्नच नाही. एका फटक्यात फोटो. गाण्याच्या बाईंचा पोपट मात्र — शिष्य चुकला की बाई म्हणतात ‘पुन्हा’, ते त्यानं उचललंय. मी बटण दाबलं की हा म्हणायचा, पुन्हा. दाबलं की पुन्हा. पंचवीस मिनिटं त्या पिंजऱ्यापुढं उभा होतो. एरवी ‘पुन्हा’ मी म्हणायचो, लोक स्टुलावर बसून ऐकायचे. तेव्हा कळलं, कसं वाटतं ते.

काय म्हणालात? प्राण्यांचं वेड? मला? हे कुणी सांगितलं — गल्लीनं सांगितलं असणार. गल्लीला काय, माझ्या हातात कॅमेरा दिसला की यांचं सुरू, आजोबांना मुक्या जिवांचा किती लळा. अहो, मांजराच्या मला शिंका येतात, कुत्र्याची मला भीती वाटते, आणि पोपटाबद्दल तर तुम्हाला आत्ताच सांगितलं. लळा नाही न् बिळा नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, एवढंच. रोज पाऊण तास. नुसतं चालायचं तर माणूस वेडा दिसतो, हातात काहीतरी लागतं — लोक काठी घेतात, मी कॅमेरा घेतला. झालं. दुकान बंद केल्यावर त्याला तरी काय काम होतं. आता कचेरीतच खिडकीपाशी यंत्र बसवलंय, ते स्वतःच फोटो काढतं आणि सांगतं, हसू नका. माझं वाक्य. विचारलंही नाही मला.

चालायचा नाद खरं तर हिचा. माझ्या बायकोचा. संध्याकाळी सहा वाजले की ही पिशवी खांद्याला लावायची — हीच, तुमचा कुत्रा जिच्यावर डोळा ठेवून बसलाय ती — आणि निघायची, पाऊण तास. मला वाटायचं भाजी आणायला जाते. भाजी यायची एखादी जुडी, वेळ लागायचा पाऊण तास. तिला कुत्रा पाळायचा होता. लग्न झाल्यापासून मागं लागली होती, आणि मी म्हणायचो, शक्य नाही. का? कारण दुकान घराच्या पुढच्या खोलीत, आणि तो काळा कोट, त्याच्यावर एक केस पडला तरी फोटोत दिसतो. केसासाठी कुत्रा नाकारला मी. मग तिनं काय करावं, सगळ्या गल्लीची कुत्री उसनी वापरली. कुणाच्या फाटकात हात घाल, कुणाच्या पायरीवर बस. आणि नुसतं तेवढंच नाही, प्रत्येकाला नाव ठेवायची, मालकानं ठेवलेलं असलं तरी आपलं वेगळं. औषधवाल्याचं मांजर म्हणजे जहागीरदारीण. ते कासव म्हणजे जावईबापू, कारण पाहुणचाराला आलं आणि राहिलंच.

आणि रात्रीच्या जेवणाच्या वेळी हे सगळं मला सांगायची. आज जहागीरदारीण रुसली होती, आज जावईबापूंनी एक पाय बाहेर काढला. मी तेव्हा फोटो कापत असायचो, आठ-आठचे संच, पाकिटात भर, वर नाव लिही. मी म्हणायचो, हो का. मी म्हणायचो, बरं. पालथ्या घड्यावर पाणी. मला त्यातलं किती आठवतंय सांगू? तीन नावं. दोन सांगितली. तिसरा फौजदार — त्याचं तर इतकं सांगायची की — बस रे, तू का उठलास मध्येच? धरा हो त्याला. चादरीवर पाय पडेल त्याचा.

तुम्ही थांबा हो जरा, मी सांगतोय ना. तर हा फौजदार म्हणजे कुत्रा. सहाला फाटकाशी हजर. ही आली की आधी हिची पिशवी तपासायचा, तोंड घालून, अगदी तळापर्यंत — मग सोबतीनं गल्लीच्या टोकापर्यंत जायचा, तिथं थांबायचा, आणि परत. रोज. हे सांगताना ही इतकी हसायची की घास हातातच राहायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. आणि मग एकदा म्हणाली, फौजदाराची बदली झाली. मी म्हटलं, बरं. मला वाटलं खराच कुणी फौजदार असेल, ओळखीचा. त्या रात्री ती नीट जेवली नाही. का जेवली नाही ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेची सहल परदेशी जायची होती, साठ पोरं होती माझ्याकडं फोटोला.

कशी दिसायची? — ती दिसायला कशी होती असं विचारताय? वा. नेमका प्रश्न विचारलात. फोटोवाल्याच्या बायकोचा फोटो मागा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो कुठं असतो, तर आमच्या घरी. आहे ना एक फोटो. पस्तीस गुणिले पंचेचाळीस मिलिमीटर.

आमच्या मुलीकडं पाळणा हलणार होता, ती तिकडं लांब, विमानानं जावं लागतं. तर हिला पासपोर्ट काढायचा होता. मी म्हटलं, रात्री दुकान बंद झालं की काढू. हिला कुठला धीर. दुपारी लायनीत येऊन उभी राहिली, खरीखुरी लायनीत, पुढं अकरा माणसं. नंबर आला, मी मान वर न करता म्हटलं, या बाई, बसा, चष्मा काढा. चौतीस वर्षांची सवय. ती स्टुलावर बसली आणि जी हसायला लागली. बाई म्हणालात मला, म्हणे. मी म्हटलं, हसू नका. ‘नका’ म्हटलं, म्हणून आणखी हसली. पहिला फोटो काढला, सगळे दात. बाद. दुसरा काढला, तोंड मिटलं होतं पण मान वाकडी आणि डोळ्यांत ते हसू तसंच. बाद. मागं माणसं घड्याळं बघायला लागली. मग मी — मोठ्यानं नाही बोललो, पण बोललो. म्हटलं, तुझ्यामुळं माझी लाईन खोळंबलीय, तोंड मीट आणि समोर बघ.

मिटलं तिनं तोंड. समोर बघितलं. तिसरा फोटो काय आला म्हणून सांगू — सावली नाही, दोन्ही कान, हनुवटी जागेवर. कचेरीनं बघितला न बघितला, पास. अकरा दिवसांत पासपोर्ट घरी. आणि पहिले दोन? पुसले. रोज संध्याकाळी बाद झालेले पुसून टाकायचे, हा दुकानाचा नियम होता. त्या दिवशी सतरा पुसले, त्यात हे दोन.

बाराव्या आठवड्यात ती गेली. नाही, विमानानं नाही. सकाळी पाणी भरत होती, दम लागला म्हणून बसली, आणि बसलेलीच. पासपोर्ट तसाच कोरा पडलाय, एक शिक्का नाही त्याच्यावर. मुलगी आली, आठव्या महिन्यात, डॉक्टर नको म्हणत असताना आली. म्हणाली, बाबा, आईचा फोटो द्या, भिंतीवर लावायला. आता शोधा. लग्नातला आहे, चाळीस वर्षांपूर्वीचा, त्यात ती जमिनीकडं बघतेय. बाकी घोळक्यातले — कुणाचं तरी पोर कडेवर आणि चेहरा पोरामागं, नाहीतर कडेला, अर्धी कापलेली. लोकांच्या घरी गेलो तरी मी कॅमेरा नेत नव्हतो, म्हणायचो, सुट्टीच्या दिवशी कोण काम करतं. तर राहिला तोच. तिसरा. मी मोठा करून आणला, चौकट केली. मुलगी बघत राहिली आणि म्हणाली, “बाबा, ही आई नाहीये. आई अशी कधी दिसली का तुम्हाला?” त्यावर मी काय म्हणालो माहितीय? म्हणालो, कान नीट आलेत.

हो. असं म्हणालो मी. बघू नका असं माझ्याकडं.

ती गेली परत, फोटोची प्रत नेली नाही. म्हणाली, एखादा हसरा सापडला तर सांगा. आता रविवारी फोन येतो, पाच मिनिटं. औषधं घेतलीत का, घेतली. जेवलात का, जेवलो. नात आहे, अडीच वर्षांची, चुणचुणीत. फोनवर दिसते मला, आणि माझ्यामागची भिंत तिला दिसते. मागच्या महिन्यात म्हणाली, आजोबा, ती रागावलेली आजी काढा ना तिथून. मुलीनं तिला गप्प केलं, पण खोटं काय बोलली पोर? मलाही ती तशीच बघते तिथून, जसं काही मीच लायनीत उभा आहे आणि माझे कागद अपुरे आहेत.

— मग काय, सुचलं. माणसं आपल्या आईबापाचे फोटो काढत नाहीत, पण कुत्र्यामांजरांचे दिवसाला दहा काढतात. आणि ही रोज पाऊण तास त्याच कुत्र्यामांजरांत. कुठंतरी, कुणाच्यातरी फोनमध्ये, एखाद्या कोपऱ्यात सापडेलच की. आता सरळ जाऊन कसं विचारणार, अहो, माझ्याकडं माझ्या बायकोचा फोटो नाही, तुमच्याकडं आहे का? फोटोवाल्यानं विचारायचं हे? म्हणून ही चादर, हे चिमटे, हा सगळा तमाशा. ताकाला जाऊन भांडं लपवतोय मी, दीड वर्ष झालं. बावीस फाटकं झाली. काय मिळालं सांगू? वकिलाकडं एका फोटोत तिचा हात आहे, कुत्र्याच्या डोक्यावर, बांगडीवरून ओळखला. औषधवाल्याकडं मांजरामागं साडीचा काठ. बँकेतल्या बाईंकडं एक सावली आहे, ती मी हिचीच धरून चाललोय. आणि लोक वर मलाच म्हणतात, आजोबा, तुम्ही आमच्या बबड्याचे फोटो किती प्रेमानं बघता.

हे मी तुम्हाला कशाला सांगत बसलोय? तुम्ही परक्या, आज पहिल्यांदा भेटलात, कुत्रा फिरवायला निघालात. तुम्ही गप्प बसता म्हणून झालं हे. बाकीचे निदान मध्ये बोलतात. — बोलत होतात? कधी? बरं, बरं, असेल.

राहिला तो फौजदार. तिथं नक्की असणार होता एखादा फोटो, मला माहितीय, त्याच्याबरोबर ती रोज हसायची, रोज. सगळ्यांना विचारलं मी, तुमच्याकडं फौजदार नावाचा कुत्रा होता का. सगळे नाही म्हणाले. असणार कसा? नाव हिनं ठेवलेलं, मालकाला कुठून ठाऊक — आणि हे माझ्या डोक्यात यायला चार महिने गेले, एवढा मी हुशार. काळा होता का पांढरा, कुठलं फाटक, तिनं शंभरदा सांगितलं असणार. मी हो का म्हटलं असणार. आता बैल गेला आणि झोपा केला. बदली झालेला माणूस परत येतो का कुठं? तिनंच सांगितलं होतं ना, फौजदाराची बदली — अरे, अरे, हे काय? ए, सोड पिशवी. आवरा हो याला, तोंड घातलंय बघा आत, अगदी तळापर्यंत —

तळापर्यंत.

तुम्ही आत्ता काय म्हणालात? नाही, आत्ताचं नाही, मघाशी, चादर लावताना काय म्हणत होतात तुम्ही? — आधी इथंच राहत होतात. त्याच घरात. — तीन वर्षं झाली तुमच्या बदलीला? आणि मला हे आत्ता सांगताय? हो. हो, सांगत होतात. तीनदा सांगायला गेलात. मीच थांबा थांबा करत होतो. सवय आहे माझी, जुनी.

फौजदार. ए फौजदार. — बघा कसा बघतोय. याचं नाव काय ठेवलंय तुम्ही? असू दे, ते असू दे. — पिशवीवरून ओळखलंत? मग मला ओळखलं नाहीत का? बरोबर, मी कुठं बाहेर पडायचो. काकू म्हणायचात तुम्ही तिला. काकू.

नाही, दाखवू नका. थांबा. आहे म्हणजे नक्की आहे का? हातबित असेल तर नको, हात आहे माझ्याकडं. सावली पण आहे. — चेहरा आहे? सगळा? द्या. नाही, तुम्हीच धरा. जरा या बाजूला, ऊन पडतंय काचेवर.

— तुमच्या फाटकातली पायरी ही. बसलीय खाली, भर रस्त्यात, मांडी घालून.

उजेड मागून आहे. असा काढतात का कधी? चेहऱ्यावर निम्मी सावली. मान वाकडी. चष्मा नाकावर घसरलाय. डोळे मिटलेत, दोन्ही, घट्ट. तोंड उघडं, दात — सगळे, तो पाठीमागचा पडलेला सुद्धा दिसतोय. कान — उजवा केसांत गेलाय, आणि डावा याच्या तोंडात आहे. कुत्र्याच्या तोंडात कान आहे तिचा. चौतीस वर्षांत असा फोटो माझ्याकडं कुणी आणला असता ना, तर मी — एक गोष्ट बरोबर नाही यात. एक सुद्धा नाही. कचेरीनं खिडकीतूनच भिरकावला असता.

मला पाठव, बाळ. नाही, काही कापू नकोस, तिला एकटीला वेगळं काढू नकोस, कुत्र्यासकट पाठव, पायरीसकट. नंबर सांगतो. थांब, नंबर — माझाच नंबर आहे, आठवेल आत्ता, सांगतो.

आला. वाजला ना फोन, आला.

याचा राहू दे आज फोटो. चादर मी काढतो, तू जा. फिरवून आण त्याला गल्लीच्या टोकापर्यंत, त्याला माहितीय कुठं थांबायचं ते. जा ना, बाळ. मला एक फोन लावायचाय. — हो, माहितीय मला, आज रविवार नाही.